दिल्लीला बदलायची गाडी

१

आमच्यात भात सणाला शिजतो. एरवी भाकरी, कोरड्यास, आणि तोंडी लावायला खर्डा. पण दिल्लीहून आल्यापासून घरात रोज भात शिजायला लागला. तो मी खात नव्हतो आणि बायकोही खात नव्हती.

लोक अजून विचारतात, आकारामकाका, विमानात बसून कसं वाटलं? काय वाटायचंय. यष्टीत बसल्यागत बसायचं. फरक एवढाच की खिडकी उघडत नाही आणि वाटेत कुणाला उतरतो म्हणता येत नाही.

खताच्या एका कंपनीनं ऊसपिकाची स्पर्धा ठेवली होती. चौऱ्याहत्तर साल. आमच्या भागात माझा ऊस वजनाला सगळ्यांत भारी भरला. त्यात माझी हुशारी थोडी आणि कृष्णेचं पाणी जास्त. बक्षीस काय, तर नवरा-बायकोनं विमानानं मुंबईहून दिल्लीला जायचं, तिथलं शेतीचं प्रदर्शन बघायचं, आणि विमानानंच परत यायचं.

उंब्रजच्या बाजारात माझी चेष्टा सुरू झाली. आप्पासो म्हणून एक टवाळ आहे आमच्या आळीत, तो म्हणाला, "काका, वरनं थुकू नगा. आमच्या खळ्यात पडंल."

मी म्हणालो, "तुजं खळं तुज्या भावानं कवाच घेतलंय. त्याच्यावर थुकतो, चालंल?"

सगळे हसले. आप्पासो नाही हसला. बरं झालं.

घरी आलो तर शालूबाई, म्हणजे माझी बायको, चुलीपुढं बसली होती. बक्षिसाचं कळूनही तिच्या तोंडावरची माशी हलली नाही. भाकरी थापता थापता तिनं एवढंच विचारलं, "आवं, दिल्लीपास्नं जम्मू किती लांब हाय?"

२

जम्मूकडं आमचा पोरगा गेला. एकुलता एक. एकाहत्तरच्या लढाईत. आधी तार आली, मग त्याची ट्रंक आली. तो आला नाही. तिकडंच कुठल्याशा नदीच्या काठाला त्याला अग्नी दिला, असं पलटणीच्या साहेबानं कळवलं.

पोरगा तसा गबाळा होता. भात बघितला की तोंड वाकडं करायचा. म्हणायचा, आप्पा, हे काय आजाऱ्याचं खाणं. दाराला कधी हात लावला नाही त्यानं. दोन्ही हातांत कायम वैरणीचा भारा न्हाई तर दुधाची कासांडी. मग पायाच्या अंगठ्यानं दाराच्या फळीला खाली ठोकायचा. दाराचा तेवढा कोपरा झिजलाय. मी लय शिव्या दिल्या, पण सवय गेली नाही.

शालूबाईचं म्हणणं एवढंच, की त्याला घरी आणायचा. कंपनी दिल्लीपर्यंत फुकट नेतीच आहे, तर पुढचं तेवढं जोडून मागा.

मी सांगलीला कंपनीच्या साहेबाला भेटलो. साहेबाला ते लय आवडलं. शहीद जवानाचा बाप, भरघोस ऊस, पेपरात फोटो. म्हणाला, "जोडून देतो, आमच्यातर्फे." मला स्टँडजवळच्या मोहिद्दीनकडं पाठवलं. हा मोहिद्दीन हजला जाणाऱ्यांची तिकिटं काढून देतो. माणूस सरळ. त्यानं जम्मूचं तिकीट आणून माझ्या पहिल्या तिकिटाला टाचणी मारली आणि म्हणाला, "काका, एक ध्यानात ठेवा. टाचणी मारली तरी ही दोन तिकिटं वायलीच. बक्षिसाचं वायलं, जोडाचं वायलं. येताना दिल्लीला सामान आपोआप पुढं यायचं न्हाई. तुमीच उतरवून घ्यायचं, तुमीच फुडच्या इमानात घालायचं. न्हाई घातलं तर तितंच ऱ्हातंय."

मी म्हणालो, "मी काय खुळा हाय व्हय सामान सोडायला?"

३

गावात हरणाबाई म्हणून म्हातारी आहे. जन्म-मरणाचं सगळं तिला विचारतात. शालूबाई तिच्याकडं जाऊन आली. मीही मागोमाग गेलो, कारण बायका बायकांत काय ठरवतात ते नंतर आपल्याच गळ्यात येतं.

हरणाबाई म्हणाली, "जितं जाळलं तितला खडा घ्या. धुतल्या फडक्यात बांधा. नाव घिऊन हाक मारा, आन चला. नदी आली, गावाची येस आली, गाडी बदलायची आली, की नाव घिऊन सांगायचं. बाबा, हितं उतरायचं, हितं चढायचं. सांगितलं न्हाई तर ते बसतंय तितंच. त्यास्नी काय कळतंय?"

"आन घरी आणून काय करायचं?" मी विचारलं.

"एक डाव जीवू घालायचं आन कृष्णंत सोडायचं. ठिवून घ्यायचं न्हाई."

मला हसू आलं. सरकारला जो आणता आला नाही, तो ही म्हातारी खड्यात बांधून आणणार. पण बायकोच्या तोंडाकडं बघितलं आणि गप बसलो.

हाक मात्र मलाच मारावी लागणार होती. पोराचं नाव नाथाजी. माझ्या बापाचं नाव ठेवलेलं. आता सासऱ्याचं नाव सून कशी घेणार? पोरगं जन्मल्यापासून शालूबाईनं त्याला कधी नावानं हाक मारली नाही. बाळ म्हणायची. मिशा फुटल्या तरी बाळ. पलटणीत भरती झाला तरी बाळ. आमच्या घराघरांत हेच आहे, त्यात नवल काही नाही. तवा ठरलं, ती खडा धरणार, मी नाव घेणार.

४

प्रदर्शन बघितलं. मोठाली यंत्रं, मोठाले भोपळे. जाऊ द्या ते.

जम्मूला एक सुभेदार भेटला, तो कोरेगावकडचा निघाला. त्यानं जीपमधून नदीकाठी नेलं. नुसते गोटे, पांढरे, आणि पाणी असं गार की हात कापून निघावा. सुभेदार म्हणाला, "काका, साधारण हितंच. आपल्या पोरासंगं अजून कितीतरी होती. कुठली कुठली पोरं. कुणाचंबी कुणी आलं न्हाई बघा हिकडं. तुमीच पयले."

मी एक खडा उचलला. शालूबाईनं पदर पसरला. मी हाक मारली, "नाथाजी! नाथाजी, चल रं घरला."

मला कसंसंच झालं. दुसऱ्या मुलखात, उघड्यावर, माणूस नसताना हाक मारायची. पण एक सांगतो. पाण्याचा आवाज मोठा होता, तरी गोट्यांवर पाय वाजल्याचं मला ऐकू आलं. मला वाटलं, सुभेदारच चालत असेल. मागं बघितलं तर तो जीपला टेकून विडी ओढत होता.

जम्मूच्या विमानतळावर मी हळूच म्हणालो, "नाथाजी, इमानात चढायचं हाय." शेजारचा सरदारजी बघायला लागला. बघ म्हटलं, तुला कुणी बोलावलंय.

५

दिल्लीला उतरलो आणि तिथंच सगळं फिसकटलं.

मोहिद्दीननं सांगितल्याप्रमाणं सामान उतरवून घेतलं आणि पुढच्या खिडकीशी गेलो. तिथला बाबू म्हणतो, हे तिकीट वेगळं, ते वेगळं, तुमचं विमान उशिरा आलं त्याला आम्ही काय करू. मला हिंदी येतं तेवढं बैलाला कळतं. मी ओरडलो, तो ओरडला. माझी भांडायची सवय, आणि एकदा भांडायला लागलो की मला दुसरं सुचत नाही. शेवटी एका थोराड बाईनं शिक्का मारला आणि पळा म्हणाली.

शालूबाईला मी बाकावर बसवून गेलो होतो. तो सगळा हॉल जवानांनी भरलेला. कुणी सुटीवर निघालेलं, कुणी सुटी संपवून, ट्रंकांवर बसून पेंगत होतं. मी येऊन बघतो तर ही उभी. फडकं छातीशी. आणि तोंड असं उजळलेलं, की लग्नातसुद्धा मी तसं बघितलं नव्हतं.

"चला," ती म्हणाली. "मी सांगितलं त्याला."

"तू? काय म्हणून सांगितलंस?"

"रोज म्हंते तसंच. इमान बोलावलं आन तुमी येईनासा. बसून ऱ्हाईल म्हून मीच म्हणलं, बाळा, चल, गाडी बदलायची हाय."

"नाव?"

तिनं माझ्याकडं खुळ्यागत बघितलं. "नाव मी कसं घीन?"

मी हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात एका माणसानं आम्हांला धरून दाराबाहेर ढकललं. विमानात बसता बसता मी म्हणालो, नाथाजी, नाथाजी. पण ते विमानात. हॉलमध्ये नाही.

तिघांची बैठक होती. ती खिडकीशी, मी वाटेकडं, मधली जागा रिकामी. मी डोळे मिटून घेतले. मुंबई खाली दिसायला लागली तसा डोळा उघडला. मधल्या जागेचा पट्टा बांधलेला होता. नुसता अडकवलेला नव्हे. पोटावरून ओढल्यागत पुढं आलेला, ताठ. मी बघत असताना तो हळूहळू वर झाला आणि खाली झाला. झोपलेल्या माणसाचा होतो तसा.

विमान हलतंय, म्हणून होत असेल. मी तसंच म्हणालो मनाशी.

६

घरी आल्यावर शालूबाईनं पहिल्याच दिवशी ताट वाढलं. भाकरी, खर्डा, ताक, आणि वर थोडा भात. मधल्या खोलीत कोपऱ्यात खडा ठेवला होता, त्याच्यापुढं. दार लोटून घेतलं. थोड्या वेळानं बघितलं तर भाकरी होती तशी. खर्ड्याला हात नाही. भात मात्र संपला होता, आणि उरल्या चार शितांवर बोटं दाबल्याच्या खुणा होत्या.

"मांजर," मी म्हणालो.

"मांजरानं ताक सोडलं आन भात खाल्ला व्हय?" ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं नुसता भातच केला.

खडा कृष्णेत सोडायचं नाव निघेना. आज अमावास्या, उद्या अंग मोडून आलंय. मी शिव्या घातल्या. ती ऐकून घ्यायची आणि तांदूळ निवडत बसायची.

मग पाणी. नाथाजी कधी पाय धुवून आत आला नाही, शेणाचे पाय घेऊन चुलीपर्यंत यायचा. आता रोज दिवस मावळायच्या आधी परसात तांब्या वाजायचा. रांजणातून पाणी घेतल्याचा आवाज, मग पाय चोळचोळून धुतल्याचा. सावकाश. चांगल्या वळणाच्या पोरानं धुवावेत तसे. मी जाऊन बघितलं तर फरशी ओली. शेजारीण धुणं धुऊन गेली असेल. पण आमच्या परसात शेजारीण कशाला येईल? तिचं आणि माझं बांधावरून भांडण आहे.

एक दिवस ऊस बघून घरी आलो तर मधल्या खोलीत शालूबाई बोलत होती. मी उंबऱ्याशी थांबलो. ती म्हणाली, "आनखी वाढू?" आणि कुणीतरी उत्तर दिलं.

आवाज तरणा होता, मऊ. आमची भाषा नव्हे. हिंदीही नव्हे, कानडीही नव्हे. पलटणीतली माणसं माझ्या घरी येऊन गेलीत, पण असलं बोलणं मी कधी ऐकलं नाही. लय अदबीनं तो बराच वेळ बोलत होता, आणि ही व्हय बाळा, व्हय बाळा, करत होती.

मी दार ढकललं. आत ती एकटी. मांडी घातलेली, आणि मांडीवरचं लुगडं मध्ये दबलेलं, डोकं ठेवून कुणी पडलं की दबतं तसं.

"काय म्हणत होता?" मी विचारलं.

"मला काय ठावं? पर आईलाच म्हणत हुता."

"अगं, ह्यो आपला नव्हं!"

"ठावं हाय," ती म्हणाली. असं म्हणाली, जसं दूध नासलंय हे ठावं आहे. "दिल्लीतच ठावं हुतं. मी हाक मारली तवा हॉलातल्या चार-दोन पोरांनी माना वर केल्या. ह्यानं केली न्हाई. ह्यो नुसता उठला आन आला."

"आन आपला?"

"आपला न्हाई उठला." तिनं मांडीवरचं लुगडं सारखं केलं नाही, हात हवेतच धरला, केसांवरून फिरवावा तसा. "आवं, हाक मारल्याबरूबर आला वो ह्यो. ह्याच्या आईनं ह्याला कवा हाक मारलीच न्हाई."

ती वाळत चालली होती. हातांतल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. पण तोंड उजळलेलंच.

७

मी हरणाबाईकडं गेलो. हसायला नव्हे.

ती म्हणाली, "कसलं केलंसा वो हे. आता त्याला काढायचा म्हंजी तिनंच काढाय पायजे. ती काढती व्हय?"

"न्हाई काढत."

"मग ऐका. एका घरात एकच. तुमचा मागनं आला, आन तुमी नाव घिऊन त्याला आत घेतला, तर पयला उठतोय. आन उठताना ज्यानं आणला त्याला संगं घिऊन उठतोय. शालूबाई न्हाई उरायची."

"मागनं येतोय व्हय कवा?"



मी सांगलीला मोहिद्दीनकडंही गेलो. म्हणालो, मला दिल्लीला जायचंय, एक सामान ऱ्हायलंय. त्यानं विचारलं, "पत्ता हाय का त्याच्यावर?"

"हाय," मी म्हणालो. "पत्ता त्याला तोंडपाठ हाय."

"मग कशाला जाता काका? पत्ता आसला की मागनं येतंय. हितनं तितनं फिरत येतंय, पर येतंय. घ्यायला घरात माणूस पायजे, एवढंच."

चांगल्या मनानं म्हणाला तो. त्याला काय माहीत.

८

चैत्र लागला होता. ऊस तुटून गेला होता. भर दुपार, कोंबडंसुद्धा सावलीला, रस्त्यावर काळं कुत्रं नाही. मी सोप्यात पडलो होतो. शालूबाई मधल्या खोलीत भात वाढत होती.

दाराच्या फळीला खाली, झिजल्या कोपऱ्यावर, ठोकल्याचा आवाज झाला. दोनदा. पायाच्या अंगठ्यानं.

मी उठलो नाही. वारं असेल. चैत्रात वारं असतं.

परत ठोकलं. मग खाकरणं. ते खाकरणं मी हजारांत ओळखीन, ते माझंच आहे, माझ्या बापाचं आहे.

"आप्पा," बाहेरून म्हणाला. "दार काढा की. मी हाय."

आवाज लय दमलेला होता. ओठ फुटलेल्या माणसाचा असतो तसा.

मी उठून कडीला हात घातला, तोवर शालूबाई धावत आली. दाराला पाठ लावून उभी राहिली. एवढी वाळलेली बाई, पण मला हलवेना.

"नगा," ती म्हणाली. "आपला एक आलाय."

"अगं, पोटचा हाय तुज्या!"

"त्यो आला न्हाई तवा! मी बोलावलं तवा आला न्हाई!"

बाहेरून तो म्हणाला, "आये?" आणि शालूबाईनं दोन्ही कानांवर हात दाबून धरले.

"आप्पा, तितं मला कुणी सांगितलंच न्हाई वो, कुठं बदलायचं ते. मी बसून ऱ्हायलो. माणसं येत हुती, जात हुती. मग चालतच आलो. आप्पा, पाय बघा की माजं."

दाराखालच्या फटीतून मला दिसलं. दोन पाय. बूट नव्हते. एवढंच सांगतो, ते पाय माझ्यानं बघवले नाहीत, आणि डाव्याचा अंगठा फळी ठोकून ठोकून सपाट झालेला होता.

मला नुसतं नाव घ्यायचं होतं. नाथाजी, आत ये. एवढंच.

मधल्या खोलीचं दार कुरकुरलं. मी मागं वळलो नाही, पण शालूबाईच्या खांद्यावर हात आला तो मला दिसला. ओल्या बाहीचा, खाकी. पोरसवदा हात, आमच्या पोरापेक्षा लहान, बोटाला भाताची शितं चिकटलेली. त्यानं ओढलं नाही, दाबलं नाही, नुसता ठेवला. लहान पोरगं गर्दीत आईचा पदर धरतं तसा. आणि शालूबाईनं मान कलती करून त्या हातावर गाल टेकला. तिचे डोळे माझ्यावर होते. आयुष्यात त्या बाईनं माझ्यापाशी काही मागितलं नव्हतं, जम्मू सोडून.

"आप्पा?" बाहेरून.

मी फळीला तोंड लावलं. म्हणालो, "नाथाजी."

"जी, आप्पा." त्याचा आवाज लगेच हुशारला. पलटणीत नाव पुकारल्यावर हुशारतो तसा. पायाची बोटं फळीच्या फटीत आली.

शालूबाईनं डोळे मिटले.

"नाथाजी," मी म्हणालो, "हितं उतरायचं न्हाई. फुडं जायचं. गाडी बदलायची हाय."

रांजणाखाली पाणी ठिबकत होतं.

बारीकसारीक खोडी सोडल्या तर पोरगा लहानपणापासून माझ्या शब्दाबाहेर गेला नाही. पायाची बोटं मागं सरली. उंबऱ्यावरची माती घासल्याचा आवाज आला, तो वळल्याचा. मग थांबला, आणि विचारलं,

"कुठली, आप्पा?"

तो उभा होता. भर उन्हात, तसाच, सांगतील म्हणून.

शालूबाई दारापासनं सरली आणि मधल्या खोलीकडं जात म्हणाली, "चल बाळा, भात गार हुतोय."